पेनी स्टॉक: घेणं सोपं, विकणं अवघड. या चुका टाळा

दोन-चार रुपयांचा शेअर, म्हणजेच पेनी स्टॉक, विकत घ्यायला मिनिटही लागत नाही. तोच विकायला काढला की समोर घेणारा असेलच असं नाही, आणि पेनी स्टॉकमध्ये पैसे अडकल्याच्या बहुतेक तक्रारी याच जागी सुरू होतात. टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर 'दादा, टार्गेट किती?' हा प्रश्न सतत ऐकू येतो. 'माझ्याकडचे शेअर मी विकायला काढले तर ते घेणार कोण?' हे फार क्वचित कुणी विचारतं. पुढच्या बहुतेक चुका या न विचारलेल्या प्रश्नातूनच होतात.

'भाव कमी म्हणजे शेअर स्वस्त'

एमआरएफचा एक शेअर १,२०,००० रुपये धरा आणि व्होडाफोन आयडियाचा ८ रुपये. पहिला महाग, दुसरा स्वस्त, असं वाटणारच. आता शेअरची संख्या बघा. एमआरएफचे एकूण शेअर सुमारे ४२.४ लाख आहेत. म्हणजे या भावाने अख्खी कंपनी साधारण ५०,९०० कोटींची झाली. २०२५ मध्ये सरकारने थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतल्यावर व्होडाफोन आयडियाच्या शेअरची संख्या १०,८०० कोटींच्या पुढे गेली. ८ रुपयांच्या हिशेबाने ही 'स्वस्त' कंपनी ८६,००० कोटींहून मोठी ठरते. तो शेअर १०० रुपये व्हायचा तर कंपनीचं बाजारमूल्य दहा लाख कोटींच्या वर जायला हवं. ग्रुपवर '१०० चं टार्गेट' लिहिणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

व्होडाफोन आयडियात निदान रोजची उलाढाल प्रचंड असते, त्यामुळे नुकसान सोसून का होईना, बाहेर पडता येतं. खरी अडचण येते ती शे-दोनशे कोटींच्या किंवा त्याहून लहान कंपन्यांत, जिथे दिवसाला काही हजार शेअरच हात बदलतात.

एल्सिडचं स्वप्न

पेनी स्टॉकच्या ग्रुपमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ ही तारीख हमखास निघते. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या मुंबईच्या कंपनीचा शेअर ३.५३ रुपयांवर होता आणि त्या एका दिवसात २,३६,२५० वर बंद झाला. आकडे खरे आहेत. त्यावरून 'आपल्याकडच्या साडेतीन रुपयांच्या शेअरचंही असं होऊ शकतं' हा जो निष्कर्ष काढतात, तो चूक आहे.

एल्सिडकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर होते आणि स्वतः कंपनीचे एकूण शेअर फक्त दोन लाख. म्हणजे ३.५३ च्या भावाने ही अख्खी कंपनी जेमतेम सात लाख रुपयांत मिळत होती! एवढ्या भावात शहाणा भागधारक कशाला विकेल? वर्षानुवर्षं कुणी विकतच नव्हतं, म्हणून तो भाव नुसता फलकावर लटकलेला होता. एल्सिडसारख्या, इतर कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या गुंतवणूक कंपन्यांचा योग्य भाव ठरावा म्हणून शेअर बाजाराने खास लिलाव घेतला आणि खरी किंमत समोर आली. त्या ३.५३ ला कुणालाही शेअर मिळत नव्हता, हे ग्रुपवर सांगितलं जात नाही. तुम्हाला एखादा शेअर साडेतीन रुपयांना हवा तेवढा मिळतोय, याचाच अर्थ तो विकणारे भरपूर आहेत.

अप्पर सर्किट बघून रांगेत उभं राहणं

अप्पर सर्किट म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर चढू शकतो ती मर्यादा. रोज ५ टक्क्यांचं अप्पर सर्किट लागत राहिलं तर २० सत्रांत, म्हणजे बाजाराच्या २० दिवसांत, भाव अडीचपटीच्या पुढे जातो. आलेख बघून कुणालाही मोह होईल. पण सर्किटला अडकलेल्या शेअरमध्ये त्या दिवशी प्रत्यक्ष किती व्यवहार झाले ते बघा. खरेदीच्या बाजूला लाखो शेअरची मागणी दिसते आणि उलाढाल काही शेकड्यांची असते. खरेदीच्या ऑर्डर टाकायला आणि काढून घ्यायला फारसं काही लागत नाही. ती रांग खरीच असेल याची खात्री नसते. एखाद्या दिवशी अचानक तुमची ऑर्डर पूर्ण लागते. त्या क्षणी आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी, कारण इतके दिवस न विकणाऱ्याने आज विकायला काढलंय.

मग उलटा प्रवास सुरू होतो. ५ टक्क्यांची लोअर सर्किटं (एका दिवसात भाव उतरण्याची मर्यादा) लागत गेली तर १४ सत्रांत भाव निम्म्याखाली येतो आणि या १४ सत्रांत तुमची विक्रीची ऑर्डर लागेलच असं नाही. 'माझा स्टॉपलॉस लावलेला आहे' हे इथे उपयोगाचं नाही. स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या भावाला आपोआप जाणारी विक्रीची ऑर्डर. समोर खरेदीदार नसेल तर तीही रांगेतच पडून राहते.

ग्रुपला माहितीचा झरा समजणं

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या नियामक संस्थेने २ मार्च २०२३ ला साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबद्दल अंतरिम आदेश काढला. तो पेनी स्टॉक घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर काही व्हिडिओ आले: ही कंपनी अदानी समूह ताब्यात घेणार आहे, एका अमेरिकी कंपनीशी भक्तिपटांसाठी ११०० कोटींचा करार होतोय, वगैरे. यातलं काही खरं नव्हतं. व्हिडिओंना पैसे मोजून प्रेक्षक मिळवून दिले गेले. सेबीच्या आदेशानुसार कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली, आणि ही माणसं चढ्या भावाने घेत होती त्याच काळात काही प्रवर्तक (कंपनी उभारणारे, चालवणारे मालक) आणि मोठे भागधारक विकत होते. पन्नास हजारांहून जास्त घरांतले पैसे त्या दिवसांत विकणाऱ्यांच्या उपयोगी पडले.

टेलिग्राम चॅनलांवर सेबीने केलेल्या कारवायांतही हेच चित्र दिसतं. चालवणाऱ्याने आधी शेअर घ्यायचे, मग हजारो सदस्यांना 'आत्ताच घ्या' म्हणायचं, आणि त्यांच्या खरेदीवर आपले विकून मोकळं व्हायचं. 'मी विकले तर घेणार कोण?' या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने चॅनल काढतानाच शोधून ठेवलेलं असतं: सदस्य.

सगळे ग्रुप असे नसतात. काही ठिकाणी लोक खरोखर ताळेबंद वाचतात, एकमेकांना खोडून काढतात. ओळखायचं कसं? ज्या शेअरचं कौतुक चाललंय त्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढा, लेखापरीक्षकाने आक्षेप नोंदवला असेल तर त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका आणि लोकांना त्याबद्दल विचारा. तुमचा संदेश काढून टाकला गेला, तुम्हाला 'निगेटिव्ह लोक नकोत' म्हणून बाहेर काढलं गेलं किंवा अ‍ॅडमिनने खाजगीत गप्प बसायला सांगितलं, तर त्या शेअरबद्दल कळायचं ते कळलं.

शिफारस करणाऱ्याकडे सेबीची नोंदणी आहे का तेही बघा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक 'आयएनएच'ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो ताडून बघता येतो. 'फक्त शिक्षणासाठी' असं तळाला लिहून आजचा भाव आणि उद्याचं टार्गेट देणं चालत नाही. शिकवणाऱ्यांनी किमान तीन महिने जुनेच भाव वापरावेत, असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं. नोंदणी असली म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही, पण तक्रार करायला समोर एक नाव-पत्ता तरी असतो.

घोषणा वाचणं, भागधारणा न वाचणं

'मोठी ऑर्डर मिळाली', 'नवी उपकंपनी', 'नाव बदलून ग्रीन एनर्जी' अशा घोषणा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतात म्हणून त्या खऱ्या मानल्या जातात. बाजार त्या नुसत्या प्रसिद्ध करतो, कंपनीने दिल्या तशा. भारत ग्लोबल डेव्हलपर्स या अहमदाबादच्या कंपनीचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये १६.१४ रुपये होता, वर्षभरात १७०२.९५ झाला. मोठमोठ्या कंपन्यांकडून कामं मिळाल्याच्या घोषणा चालू होत्या. २३ डिसेंबर २०२४ ला सेबीने व्यवहारच थांबवले. मधल्या काळात प्राधान्य वाटपातून (कंपनीने निवडक लोकांना थेट नवे शेअर देणं) ज्यांना शेअर मिळाले होते त्यांची विक्रीबंदीची मुदत संपली होती आणि त्यातल्या काहींनी चढ्या भावात विकून घेतलं होतं.

यातून करायचं काम अगदी साधं आहे. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर दर तिमाहीची भागधारणा असते. त्यात तीन गोष्टी बघा. प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय का, त्यांचे शेअर तारण आहेत का, आणि दोन लाखांपर्यंतचं भांडवल असलेल्या छोट्या भागधारकांची संख्या तिमाहीगणिक फुगतेय का. प्रवर्तक घटतायत आणि छोटे वाढतायत, तर शेअर कुणाकडून कुणाकडे चाललेत हे तिथेच लिहिलेलं आहे. प्राधान्य वाटप झालं असेल तर तारीख टिपून ठेवा. प्रवर्तक नसलेल्यांना मिळालेल्या शेअरवर बाजारात व्यवहाराची मंजुरी मिळाल्यापासून सहा महिने बंदी असते. ती उठण्याच्या आसपास विक्रीचा लोंढा येऊ शकतो.

पडत्या भावात अ‍ॅव्हरेज करणं

१२ रुपयांना ५,००० शेअर घेतले, ६०,००० गेले. भाव ६ वर आला. 'अ‍ॅव्हरेज कर' म्हणून ग्रुपने सांगितलं, आणखी ६०,००० घालून १०,००० शेअर घेतले. कागदावर सरासरी ८ रुपये झाली, बरं वाटलं. पण त्या शेअरमध्ये दिवसाला आठ हजार शेअरचीच उलाढाल असेल, तर तुमच्याकडचे १५,००० कधी आणि कुणाला विकणार? सरासरी उतरली तेव्हाच बाहेर पडायची वाट अरुंद झाली.

घेण्याआधीच गेल्या तीन महिन्यांतले सर्वांत कमी उलाढालीचे दिवस काढून बघा. अशा दिवशी सहज विकून होतील त्याच्यापेक्षा जास्त शेअर घेऊच नका. आणि वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड किंवा घरातलं सोनं गहाण ठेवून तर नकोच. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो, खरेदीदार येत नाही.

आधीच अडकला असाल तर

विक्रीची ऑर्डर फेटाळली जात असेल तर आधी कारण वाचा. ट्रेड-टू-ट्रेड गटातला शेअर त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, तो खात्यात जमा व्हावा लागतो. कधी ऑर्डरचा भाव त्या दिवसाच्या सर्किटच्या पट्ट्याबाहेर असतो, कधी डिपॉझिटरीची (तुमचे शेअर डिजिटल खात्यात सांभाळणाऱ्या संस्थेची) टीपिन परवानगी राहिलेली असते.

शेअर एएसएम, जीएसएम किंवा ईएसएम या देखरेख याद्यांत आहे का ते बघा. जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत आठवड्यातून एकदाच व्यवहार होतो. तो वार चुकला तर पुढचा आठवडा.

लोअर सर्किटला सगळ्या विक्रेत्यांचा भाव एकच असतो, त्यामुळे ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. बाजार उघडून भाव बघत बसण्यापेक्षा आदल्या रात्री ब्रोकरच्या अ‍ॅपवर बाजारोत्तर ऑर्डर टाका. शेअर बीएसई आणि एनएसई या दोन्ही बाजारांत नोंदलेला असेल तर संख्या वाटून दोन्हीकडे लावा.

कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली असेल तर 'नवा मालक येतोय' म्हणून थांबू नका. कायद्याने देणी फेडताना सामान्य भागधारक सर्वांत शेवटी येतो. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीला २०२१ मध्ये नवा मालक मिळाला आणि जुन्या भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य झाली.

नुकसान सोसून विकलंत तर विवरणपत्र मुदतीत भरा. मुदत पाळली तरच तो भांडवली तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. नुसता पडून असलेला, न विकलेला शेअर तोटा म्हणून दाखवता येत नाही.

ग्रुपने फसवलं असं वाटत असेल तर रागाने बाहेर पडण्याआधी पूर्ण संभाषण तारखांसह उतरवून घ्या, कारण अ‍ॅडमिन सगळं एका झटक्यात पुसू शकतो. ब्रोकर, कंपनी किंवा नोंदणीकृत सल्लागाराविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जाते. बनावट ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये किंवा कुणाच्या खात्यात पैसे पाठवले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच हाती लागण्याची आशा असते.

त्यानंतर काही दिवसांनी एखादा फोन येऊ शकतो. पलीकडचा माणूस सेबीचं किंवा वकिलाचं नाव सांगेल, तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणेल आणि त्यासाठी आधी 'प्रक्रिया शुल्क' मागेल. तुमचं नाव त्याला फसलेल्यांच्या यादीतून मिळालेलं असू शकतं. फोन ठेवा, एक रुपयाही पाठवू नका, आणि तो नंबरही १९३० च्या तक्रारीत जोडा.