ब्रोमोअ‍ॅनिसोल गोठलं तर
महापे-रबाळेच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांनो, पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिसोलची (हे एक सेंद्रिय रसायन) बाटली फ्रिजमधून काढल्यावर आत पांढरा गोळा दिसला तर माल खराब झाला समजू नका. त्याचा वितळणबिंदू जेमतेम १० अंश सेल्सिअस. बाटली बंदच ठेवून टेबलावर पूर्ण वितळू द्या, हलवून एकजीव करा, मगच मोजून घ्या. गार बाटली लगेच उघडली की ऐन जुलैत आपल्याकडच्या हवेतलं पाणी आत धरतं. ग्रिन्यार (मॅग्नेशियमशी अभिक्रिया घडवून बनवायचं अभिकर्मक) करायचं असेल तर तेवढाही ओलावा घातक: मॅग्नेशियमची चकचकीत कात्रणं तळाशी तशीच पडून राहतात, आणि बनलेलं ग्रिन्यार पाण्याशी जुळून नुसतं अ‍ॅनिसोल हाती येतं. म्हणून काचसामान ओव्हनमधून गरमच जोडा. सुझुकी अभिक्रियेला (पॅलॅडियमच्या मदतीने दोन रेणू कार्बनला कार्बन जोडण्याची पद्धत) पाण्याचं एवढं वावडं नाही.