वाटी ठोकू नका, ओढून बसवा

आजोबा ज्या सायकलवर सोलापुरात गिरणीच्या पाळीला जायचे, तिचं हँडल मध्येच अडकायचं. हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरतं, त्यांची फ्रेममधली वरची वाटी कुणीतरी हातोडीने ठोकून बसवलेली, तीही तिरकी. खालून लोखंडी रॉड घालून, जागा बदलत हळूहळू ठोकत ती काढली. फ्रेमचं तोंड पॉलिश पेपरने घासलं, ग्रीस लावलं. बसवायला हातोडी नाहीच. लांब आट्यांचा रॉड फ्रेमच्या नळीतून आरपार घालायचा, दोन्ही टोकांना जाड वायसर आणि नट, एवढं पुरतं. एका वेळी एकच वाटी. नट अर्धा फेरा आवळायचा आणि कडेची फट चहूबाजूंनी सारखी आहे का बघायचं. जराशी तिरकी वाटली तर लगेच सैल करून पुन्हा सुरुवात.

बीबीला, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो त्या जागी, चेनकडच्या वाटीचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. हे माहीत नसेल तर जोर लावून फ्रेमचे आटेच जातात, आणि अशी फ्रेम आता कुठे मिळायची? छर्रे पाव इंची, प्रत्येक बाजूला 11. डावी वाटी खेळ जाईपर्यंतच आवळली, मग ती हलू नये म्हणून वरून लॉक रिंग.

काल आजोबांना मागे बसवून सिद्धेश्वर तलावापर्यंत नेलं.