राजवाड्यात अडकलेले दोघे: गे रॉयल रोमान्स लिहिताना या चुका टाळा

राजघराण्यातल्या माणसाला एकांत नसतो. देवडीवर पहारेकरी, जिन्यात हुजऱ्या, आणि मुदपाकखान्यातून ताट घेऊन येणारा माणूस संध्याकाळी आईसाहेबांकडेही जाऊन येतो. त्यातून युवराज समलिंगी असेल, तर तो कुणाशी किती वेळ बोलत उभा होता याचीही कुठेतरी नोंद होतच असते. अशा माणसाला आणि दुसऱ्या एका तरुणाला पावसाने चार दिवस एका छताखाली कोंडलं, की त्याला जन्मात पहिल्यांदा एक बिनतोड सबब मिळते: इलाज नव्हता. फोर्स्ड प्रॉक्सिमिटी, म्हणजे दोघांना एका जागी कोंडण्याची युक्ती, या प्रकारच्या कथांत एवढी चालते ती या सबबीच्या जोरावर. एरवीच्या प्रेमकथेत अडकणं ही अडचण असते, इथे ती सवलत होते. पुण्याच्या आसपासच्या मुलखात अशी कथा रचताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच. लेखक दोघांना कोंडतो आणि सवलत द्यायला विसरतो.

एका फोनने सुटणारी अडचण

समजा कथा भोरच्या एका वाड्यात घडते आणि तुम्ही वरंधा घाटात दरड पाडली. पावसाळ्यात वरंधा बंद होणं अगदी पटण्यासारखं आहे. पण तुटते ती महाडची वाट. भोरहून पुण्याला यायला तो घाट लागतच नाही, दोनेक तासांत माणूस स्वारगेटला पोचतो. मग तुमचा नायक अडकला कुठे? पुण्याचा वाचक हे तिसऱ्या ओळीला पकडतो आणि त्यानंतर तुमच्या पावसावरही विश्वास ठेवत नाही.

वाडा भोर गावातून काढा आणि नीरा देवघर धरणाच्या वर, हिर्डोशीच्या पुढे घाटमाथ्याकडे न्या. दरड दोन ठिकाणी पाडा, एक खाली महाडच्या अंगाला, दुसरी मागे भोरच्या वाटेवर. वीज पहिल्या रात्री घालवा, फोनची बॅटरी दुसऱ्या दिवशी. सगळं एकाच परिच्छेदात बंद केलंत तर लेखकाचा हात दिसतो.

तरीही निसर्गाचं कुलूप दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, जेसीबी येतोच. म्हणून दुसरं कुलूप माणसांनी घातलेलं हवं. ऐतिहासिक कथेसाठी यापेक्षा चांगलं कुलूप सापडणं कठीण: विलीनीकरणाच्या वेळी संस्थानिकांना आपली खाजगी मालमत्ता कोणती आणि संस्थानची कोणती, याच्या याद्या सरकारला द्याव्या लागल्या. दक्षिणेतली बहुतेक लहान संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ला. जामदारखान्यात, म्हणजे संस्थानच्या खजिन्यात, एक युवराज आणि पुण्याहून पाठवलेला एक कारकून समोरासमोर बसलेत, चांदीची तबकं मोजतायत, आणि प्रत्येक नोंदीवर दोघांची सही लागते अशी अट तुम्ही घातलीत. मुदत ठरलेली, कुणीही उठून जाऊ शकत नाही, आणि तबक कुणाचं यावरून भांडायला भरपूर वाव. पाऊस नसला तरी चालेल.

नोकरमाणसं अचानक नाहीशी होतात

"वाड्यात कुणीच नव्हतं" हे वाक्य सापडलं की खोडा. राजवाडा रिकामा केलात तर ती कथा लोणावळ्याच्या कुठल्याही बंगल्यात घडू शकते. उलट शंभर नोकरही नकोत. संस्थानाचा आकार आधी ठरवा. इंग्रजी अमलात संस्थानाचा दर्जा सलामीच्या तोफांवरून कळायचा: कोल्हापूरला १९ तोफांची सलामी होती, भोरला ९, औंधला एकही नाही. त्याच प्रमाणात दरबार, त्याच प्रमाणात माणसं. आजच्या काळातल्या लहान घराण्यात तीन पुरतात: एक जुना कारभारी, एक स्वयंपाक बघणारी बाई, एक फाटकावरचा. तिघांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, कोण किती वाजता कुठून जातं ते. मग प्रत्येक जवळिकीच्या प्रसंगाला घड्याळ लागतं.

वाड्याची रचनाही कामाला लावा. जुन्या वाड्याचं माप खणांत सांगतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. बऱ्याच ठिकाणी खोलीतूनच पुढच्या खोलीत जायचं असतं, वेगळा बोळ नसतो. लाकडी जिना पावलागणिक वाजतो, चौकातलं बोलणं वरच्या सज्जात स्पष्ट येतं. हॉटेलसारख्या दारं लावून बंद होणाऱ्या खोल्या लिहिल्यात तर हे सगळं वाया गेलं.

हे बघा. आधीचा मसुदा: "वाड्यात कुणीच नव्हतं. यशवंतरावांनी अनिकेतकडे पाहिलं. त्याच्या काळजात धडधडू लागलं." आता दुरुस्त केलेला:

जिन्यावर कारभाऱ्यांची पावलं वाजली तसा यशवंतरावांनी आवाज चढवला. "तुळईचं माप परत घ्या. चुकलंय."
पावलं थबकली, मग उतरून गेली.
"कुठे चुकलंय?" अनिकेतने विचारलं. टेपचं एक टोक त्याच्याकडे होतं, दुसरं यशवंतरावांकडे.
"नाही चुकलेलं. पण परत घ्या."

धडधड कुठेच लिहिलेली नाही. वाड्याचं मोजमाप करायला आलेल्या वास्तुविशारदाला आणि मालकाला जवळ उभं राहायला कामाचं कारण आहे, आणि ते कारण ऐकणारा तिसरा माणूसही आहे. सबब तयार होते ती अशी.

वारसाचं बुजगावणं

युवराजाला गादीला वारस द्यायचाय, म्हणून तो पुरुषावर प्रेम करू शकत नाही: हा अडसर युरोपातल्या राजघराण्यांच्या कथांतून जसाच्या तसा उचललेला असतो. तिथे तो चालतो, कारण तिथल्या गाद्या सहसा दत्तकाकडे जात नाहीत. मराठी संस्थानांचं तसं नाही. राजर्षी शाहू महाराज १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले, सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये कवळाण्याहून. सातारा १८४८ मध्ये खालसा झालं ते इंग्रजांनी दत्तक नामंजूर केल्यामुळे. ज्या मुलखात निम्मा इतिहास दत्तकविधानाने पुढे सरकला, तिथे "मूल होणार नाही" एवढ्यावर कथा अडवून धरलीत तर आजीच हसेल. आजही १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे अविवाहित हिंदू पुरुष दत्तक घेऊ शकतो.

अडसर भाऊबंदकीत शोधा. दत्तकाला हरकत कोण घेईल? चुलतभावाला काय मिळेल? आणि युवराज गमावणार नेमकं काय? १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्यांची मान्यता गेली, त्यामुळे "सिंहासन सोडावं लागेल" ही धमकी २०२४ मधल्या कथेत पोकळ आहे. देवस्थानच्या ट्रस्टचं अध्यक्षपद, दसऱ्याला सीमोल्लंघनाचा मान, वाड्यातला वाटा, यांतली एक गोष्ट निवडा आणि ती पहिल्या प्रकरणातच दाखवा. घराण्याची भीती खोटी नसते: गुजरातमधल्या राजपिपळा घराण्याचे मानवेंद्रसिंह गोहिल आपण समलिंगी असल्याचं २००६ मध्ये उघडपणे बोलले, तेव्हा घरातून आधी आलं ते वारसाहक्कातून वगळण्याचं पाऊल. खऱ्या हयात घराण्यांची नावं मात्र पात्रांना देऊ नका. गाव, आडनाव, निशाण, तिन्ही काल्पनिक ठेवा.

पगार देणारा आणि घेणारा

अंगरक्षक, खाजगी सचिव, कंत्राटी वास्तुविशारद: दुसरा नायक बहुतेक वेळा युवराजाच्या पैशावर असतो. बाहेर दरड, आत मालक, अशा जागी "हो" म्हणणं किती खरं, ही शंका वाचकाला येणारच. ती टाळू नका, कथेत आणा. पहिल्या स्पर्शाआधी त्याचं बिल चुकतं झालेलं असू द्या, किंवा त्याने काम सोडल्याचं पत्र दिलेलं असू द्या. कथेच्या पहिल्या चतुर्थांशातच त्याला युवराजाला एखादी साधी गोष्ट नाकारू द्या, चहा, जेवण, काहीही, आणि त्या नकाराने त्याचं काही बिघडत नाही हे दिसू द्या. आणि पहिलं पाऊल कमी ताकदवाल्याने उचलावं. मालकाने त्याला भिंतीशी अडवणं वगैरे बरंच लिहून झालंय, आता पुरे.

रस्ता सुरू होतो तो प्रसंगच नाही

आमच्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. लेखक दोघांना कोंडतो, प्रेम जुळवतो, आणि पुढचं प्रकरण थेट पुण्यातल्या साखरपुड्याच्या बातमीने उघडतो. अधलं गाळलं जातं: जेसीबीचा आवाज, फाटकावरचा माणूस "वाट मोकळी झाली, सरकार" म्हणून सांगतो तो क्षण. त्या वाक्याबरोबर सबब संपते. इथून पुढचा प्रत्येक तास दोघांनी स्वतः घेतलेला असतो. निघायला कुणी उशीर लावतं का? बॅग भरून परत कोण उघडतं? कारभारी ते पाहतो का? हा प्रसंग कथेच्या साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि त्याला किमान पाचशे शब्द द्या. फार उशिरा आणलात तर बाहेरच्या जगात नातं टिकतं का हे दाखवायला जागा उरत नाही. दोन हजार शब्दांच्या आतच आणलात तर वाचकाला अडकल्यासारखं वाटलेलंच नसतं.

दोघांना एकच पलंग मिळण्याचा प्रसंग? चालेल, पण एकदाच. त्याआधी दोन-तीन ठिकाणी एकच वस्तू वाटून घ्यायला लावा, कंदील, घोंगडी, कोरडा टॉवेल.

"तुम्ही"वरून "तू"वर येणं सांभाळा. संस्थानी घरात भाऊभाऊही एकमेकांना मानाने बोलतात, त्यामुळे दुसऱ्याच संवादात "तू" आलं तर तो युवराज वाटत नाही. एकांतात "तू" आणि कारभारी आला की चटकन "तुम्ही", एवढ्यानेही प्रसंग उभा राहतो. दोघांपैकी एकाला लाजरी नवरी करून टाकण्याचा मोह मात्र आवरा.

वर्षं आणि शेवट

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची वर्षं हाताशी ठेवा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ला काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ला सज्ञानांमधले परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. कथा २०१६ मधली असेल तर पोलिसांच्या धमकीला धार आहे, २०२२ मधली असेल तर तीच धमकी हास्यास्पद.

शेवटी लग्नाचं सरकारी प्रमाणपत्र दाखवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिलेली नाही. पण आनंदी शेवट त्यामुळे अडत नाही. दोघांना बँकेत जॉइंट खातं काढता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं, याचा केंद्रीय अर्थखात्याने २८ ऑगस्ट २०२४ला स्पष्ट खुलासा केला. दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करता येतं, त्याची नोंदणी सक्तीची नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता पूर्ण आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा, एवढंच त्यात लिहा. अख्खा राजवाडा अनिकेतच्या नावे केलात तर चुलतभाऊ शिवाजीनगर कोर्टात जाणार, आणि त्यासाठी तुम्हाला दुसरा भाग लिहावा लागेल.