मेकरस्पेसमधल्या या चुका टाळा: मशीन तुमच्यानंतरही कुणीतरी वापरणार आहे

सोमवारी सकाळी आमच्या कॉलेजच्या मेकरस्पेसची, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या यंत्रांची लॅब उघडली, लेझर कटरचं (किरणाने शीट कापणाऱ्या मशीनचं) झाकण वर केलं, तर आतल्या स्टीलच्या रेल्सवर तांबूस थर चढलेला. शनिवारी दुपारी त्या लख्ख होत्या. कचऱ्याच्या डब्यात पांढऱ्या सनबोर्डच्या पट्ट्या सापडल्या आणि उलगडा झाला. बेअरिंग आणि लेन्स बदलून मशीन पुन्हा सुरू व्हायला १६ दिवस गेले, आणि ते नेमके सबमिशनचे. ज्याने सनबोर्ड कापला तो मुलगा पुढच्या आठवड्यात स्वतःहून भेटायला आला. दुकानदाराने त्याला ‘लेझरला चालतो’ असं सांगितलं होतं. त्याच्यावर मला रागवता आलं नाही, कारण आमच्या भिंतीवरच्या यादीत ‘पीव्हीसी कापू नये’ एवढंच लिहिलेलं होतं. सनबोर्ड म्हणजेच पीव्हीसी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून आधी तेच. सनबोर्ड, रेक्झिन, फ्लेक्सचा बॅनर, साइनबोर्डवाल्यांकडचं व्हिनाइल स्टिकर हे सगळं एकाच कुळातलं आहे. लेझरच्या उष्णतेने पीव्हीसी जळतं तेव्हा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. एक्झॉस्ट चालू असला तरी ते रेल्सवर, बेअरिंगमध्ये, लेन्सवर बसतं आणि जवळ उभ्या असलेल्याच्या छातीतही जातं. वस्तू नेमकी कशाची आहे हे कळत नसेल तर रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या सरांना बाइलस्टाइन चाचणी, म्हणजे वस्तूत क्लोरीनसारखं काही आहे का ते दाखवणारी चाचणी, करून मागा. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, तापलेल्या टोकाने वस्तूचा कण उचलायचा आणि तार पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर ती वस्तू लेझरखाली नाही म्हणजे नाही. ही चाचणी फ्यूम हूडमध्येच (धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) करायची, आपल्या टेबलावर नाही.

अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दिसायला सारखेच पारदर्शक. अॅक्रिलिक सुरेख कापलं जातं, पॉलिकार्बोनेट मात्र पिवळंतपकिरी पडतं, धूर सोडतं आणि पेटूही शकतं. शीट घेताना त्यावरच्या कागदावर काय छापलंय ते वाचा आणि उरलेल्या तुकड्यांवर मार्करने नाव लिहून ठेवा. भंगाराच्या खोक्यात बिननावाचा तुकडा टाकणं ही लहानशी वाटणारी पण फार महाग पडणारी चूक आहे. थर्माकोल तर क्षणात पेट घेतो.

कट आरपार जात नाही

लॅबमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि त्यावर सगळे एकच उपाय करतात: पॉवर वाढवायची, नाहीतर त्याच रेषेवरून दोन-तीनदा फिरवायचं. कडा जळून काळ्या होतात, खालचा थर तरीही चिकटलेलाच राहतो. पॉवरला हात लावण्याआधी फोकस, म्हणजे किरण मालावर नेमका एकवटतो का ते, बघा. आधीच्या मुलाने ६ मिमीचं अॅक्रिलिक कापलं असेल आणि तुम्ही ३ मिमीचं प्लाय ठेवलं असेल, तर फोकस चुकलेला असणारच. मग प्लाय सपाट आहे का ते बघा. पावसाळ्यात प्लाय वाकतं आणि मधोमध वर उठलेलं असलं की कडेला कट लागतो, मध्ये लागत नाही. कोपऱ्यांवर वजन ठेवा, पण हेडच्या (किरण सोडणाऱ्या सरकत्या भागाच्या) वाटेत येणार नाही असं. त्यानंतर एअर असिस्ट (कटवर हवा मारणारा पंप) चालू आहे का, चिलरचं (लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी गरम झालंय का हे पाहा. लेन्स किंवा आरसा मळला असेल तर मला किंवा ड्यूटीवरच्या सिनिअरला हाक मारा. रुमालाने लेन्स पुसली की तिच्यावर चरे पडतात आणि पुढच्या प्रत्येकाचा कट बिघडतो.

एवढं करूनही जमत नसेल तर दोष प्लायमध्ये असू शकतो. वॉटरप्रूफ प्लायमधला फेनॉलिक गोंद लेझरला सहजी दाद देत नाही. साधं इंटिरिअर ग्रेडचं आणा.

फाइलमधल्या चुका वेगळ्या. ऑटोकॅडमधून काढलेली फाइल उघडली आणि १०० मिमीचा डबा ४ मिमीहून थोडा लहान दिसला, तर इंच-मिलिमीटरची गल्लत झाली आहे: २५.४ ने गुणा. एकाच ठिकाणी हेड दोनदा फिरत असेल तर रेषेवर रेष बसलेली आहे, डुप्लिकेट उडवा. खाचा सैल बसत असतील तर किरणाची जाडी धरायची राहिली आहे. लेझर साधारण ०.१ ते ०.२ मिमी माल खातो, मशीनमशीनप्रमाणे फरक पडतो, म्हणून पूर्ण शीट कापण्याआधी दोन बोटांएवढा नमुना कापून खाच बसवून बघा.

आणि लेझर चालू ठेवून चहाला जाऊ नका. यात कुणालाच सूट नाही. छोटी ज्योत दिसली तर इमर्जन्सी स्टॉप, मग मेन स्विच, मग कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. पावडरचं वापरलं तर आग विझते, पण पावडर लेन्स आणि रेल्समध्ये जाऊन बसते. आग आवाक्याबाहेर जात असेल तर मात्र मशीनचा विचार सोडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

थ्रीडी प्रिंटर: बरणीत ठेवा, पहिला थर बघा

जुलैमध्ये आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी दमट फिलामेंटच्या, म्हणजे प्रिंटर वितळवून थर रचतो त्या प्लास्टिकच्या तारेच्या, असतात. नोझलमधून (वितळलेलं प्लास्टिक बाहेर येतं त्या तोंडातून) बारीक चटचट आवाज येतो, प्रिंटवर केसांसारखे तंतू लोंबतात, पृष्ठभाग खरबरीत होतो. मुलं तापमान आणि रिट्रॅक्शन (तार मागे ओढण्याचं सेटिंग) बदलत बसतात, पण मूळ दुखणं फिलामेंटने शोषलेल्या ओलाव्याचं असतं. पीएलए (नेहमीचं साधं फिलामेंट) असेल तर ड्रायरमध्ये ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास ठेवा, आणि काम झाल्यावर रीळ सिलिका जेलच्या बंद डब्यात परत जाऊ द्या. रीळ मशीनवरच सोडून जाणारा स्वतः सुटतो, भोगतो तो दुसऱ्या दिवशी येणारा.

पहिला थर चिकटत नाही? बेडवर, म्हणजे प्रिंट ज्यावर बसतं त्या पाटावर, बोटांचं तेल असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुसल्यावर हात लावू नका. पहिला थर पूर्ण होईपर्यंत उभे राहा, तिथे चुकलं तर पुढचे सात तास वाया. प्रिंट निघत नसेल तर बेड थंड होऊ द्या, बऱ्याचदा ते आपोआप सुटतं. स्क्रेपर स्वतःच्या हाताच्या दिशेने ढकलू नका. आमच्या प्रथमोपचार पेटीतल्या बहुतेक पट्ट्या याच कारणाने संपतात.

नोझल चोंदण्याचं एक कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी एबीएस (जास्त तापमान लागणारं फिलामेंट) २४० अंशांवर छापून गेलं, तुम्ही पीएलए घालून २०० वर सुरू केलं. आत उरलेलं एबीएस त्या तापमानाला धड वितळत नाही आणि वाट अडवून बसतं. म्हणून फिलामेंट बदलताना आधीच्याचं तापमान ठेवूनच नवं आत ढकला, धार स्वच्छ आली की मग खाली आणा. कार्बन फायबरचं किंवा अंधारात चमकणारं फिलामेंट पितळी नोझलमधून घालू नका. तुमची वस्तू छान निघेल, नोझलचं भोक मात्र झिजून मोठं होईल, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या गिअरचे दात बसणार नाहीत. त्याला कारण कधीच कळणार नाही.

सीएनसी राउटर आणि ड्रिल

राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेने लाकूड कोरणारं मशीन. त्यावर आधीच्या माणसाचा झिरो, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा, तशीच शिल्लक असते. बिट (कापणारं अवजार) बदललं की त्याची लांबी बदलते, म्हणून झेड झिरो, म्हणजे उंचीचा झिरो, नव्याने घ्यायचाच. मग बिट जॉबच्या (कापायच्या वस्तूच्या) वर उचलून प्रोग्राम एकदा हवेत फिरवून बघा. क्लॅम्पवर जाणारी वाट तिथेच दिसते. लाकूड जळाल्याचा वास येत असेल तर घाबरून वेग आणखी कमी करू नका. फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) फार मंद असलं की बिट कापत नाही, नुसतं घासतं आणि तापतं. खाली पिठासारखा भुसा न पडता छोट्या चिपा पडायला हव्यात.

ड्रिल प्रेससमोर ओढणी, मोकळे केस, हातमोजे आणि गळ्यातलं कॉलेजचं आयडी कार्ड चालणार नाही. आयडी कार्ड बहुतेक सगळे विसरतात, कारण ते गळ्यात असणं हाच कॉलेजचा नियम असतो. लॅबच्या दाराशी त्यासाठी खुंटी आहे. जॉब हाताने धरू नका, व्हाइसमध्ये बांधा. चकची (ड्रिल धरणाऱ्या पकडीची) चावी चकमध्ये ठेवून स्विच दाबला तर ती गोळीसारखी सुटते. चावी हातातून सोडायची ती फक्त तिच्या हुकावर.

बिघडलं तर

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅबलॅब, म्हणजे अशीच सगळ्यांनी वापरायची यंत्रांची लॅब, उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी एक. जगभरच्या अशा लॅब ज्या फॅब चार्टरला, म्हणजे त्यांच्या सामाईक नियमावलीला, मानतात, त्यात वापरणाऱ्यावर तीन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत: माणसांना आणि मशीनला इजा न होऊ देता काम करणं, लॅबची साफसफाई आणि देखभाल यांत हात लावणं, आणि आपल्याला कळलेलं लिहून दुसऱ्याला शिकवणं. तिसरी जबाबदारी आपल्याकडे नेहमी राहून जाते. दंड होईल, मॅडम ओरडतील या भीतीने मुलं वाकलेलं बिट खाली पेटीत सरकवतात आणि शांतपणे निघून जातात. आमच्याकडे सांगितलेल्या बिघाडाला दंड नाही, मी तो कधी लावलेला नाही.

रजिस्टरशेजारी लाल टॅगचा गठ्ठा ठेवला आहे. एक उचला आणि मशीनला बांधा. त्यावर चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, कोणता माल होता, कोणत्या सेटिंगवर होता, आणि नेमकं काय दिसलं किंवा ऐकू आलं. ‘मशीन बंद पडलं’ असं लिहू नका, त्यावरून काहीच शोधता येत नाही. ‘३ मिमी एमडीएफ, दहाव्या मिनिटाला डावीकडून खरखर, मग हेड थांबलं’ असं लिहा. तो सनबोर्डवाला मुलगा आता शनिवारी ड्यूटीला असतो. भिंतीवरची यादी त्याने नव्याने लिहिली आहे, आणि तिच्यात पहिला शब्द सनबोर्ड आहे.