जुनं काठमांडू पायी बघताना या चुका टाळा

पहिली चूक हॉटेलच्या दारातच होते. टॅक्सीवाल्याला पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभू अशी यादी द्यायची आणि संध्याकाळी थकून परत यायचं. देवळं होतात, शहर राहतं. जुनं काठमांडू भेटतं ते असन, केलटोल, इंद्रचोक, हनुमानढोका या रस्त्यावर. भारत-तिबेट व्यापाराची ही जुनी वाट शहरातून तिरपी जाते, म्हणून दोन गल्ल्या वळलात की दिशेचा पत्ता लागत नाही. मोबाइलवरचा नकाशाही इथे गडबडतो. अशा वेळी गल्लीचं नाव विचारण्यात अर्थ नाही, टोल म्हणजे वस्ती किंवा चोक म्हणजे चौरस्ता विचारा. ‘दाइ, इंद्रचोक कता?’ म्हणजे ‘दादा, इंद्रचोक कुठे?’ एवढं पुरतं. हिंदीही चालते.

त्या रस्त्यावरची बुटकी दारं मात्र सोडू नका. कुणाचं तरी खासगी घर समजून बहुतेक जण पुढे निघून जातात. वाकून आत गेलं की चौक लागतो, त्यात चैत्य म्हणजे छोटा स्तूप, बाजूला वाळत घातलेले कपडे. हे बहाल, म्हणजे जुने विहार. लोक अजून तिथे राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा. केलटोलच्या जनबहालात सेतो म्हणजे पांढरे मच्छिंद्रनाथ आहेत. मराठी माणूस नाव ऐकताच नवनाथांत पोचतो आणि समोर चैत्य बघून बुचकळ्यात पडतो. ‘हे देऊळ हिंदूंचं की बौद्धांचं?’ हा प्रश्नच इथे लागू पडत नाही. पूजा करणारे नेवार, म्हणजे या खोऱ्यातल्या मूळ समाजातले, बौद्ध. त्यांच्या लेखी हा करुणामय, म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. हिंदू त्यालाच मच्छिंद्रनाथ म्हणून हात जोडतात.

चैत्य किंवा स्तूपाला फेरी घालताना तो उजव्या हाताला ठेवा. प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. उलटे निघालात असं लक्षात आलं तर गर्दीला छेद देत मागे फिरू नका. बाजूला थांबा, मग लोकांबरोबर चालू लागा.

फोटोंबाबत तीन ठिकाणी हात आवरा. कुमारी म्हणजे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी; तिच्या घराच्या चौकाचा फोटो चालतो, पण कुमारी खिडकीत आली की कॅमेरा खाली. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात फोटो बंद आहेत, शिवाय चामड्याचं काही आत नेता येत नाही. पट्टा आणि पाकीट आठवतं ते नेमकं दारात. आणि पशुपतिनाथाजवळच्या आर्यघाटावरच्या चितांचे फोटो? मनाई असो वा नसो, काढू नयेत.

हनुमानढोक्याजवळच्या काष्ठमंडप या लाकडी मंडपापाशी ‘हे तर नवं दिसतंय’ म्हणत परतणारे भेटतात. मूळ मंडप २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळला, त्यानंतर तो पुन्हा लाकडात उभारला. पण खालच्या पायाचं उत्खनन झालं तेव्हा त्या पायाचा काळ सातव्या शतकापर्यंत मागे गेला. शहराला नाव मिळालं ते याच मंडपावरून. नवं म्हणून टाळावं असं हे ठिकाण नाही.

शनिवारी नेपाळात सुट्टी असते, त्यामुळे देवळांत रांगा. जमलं तर दुसरा वार निवडा आणि असनला सकाळी लवकर पोचा. नंतर मोटरसायकलींच्या गर्दीत पायी चालणं अवघड होतं.

किमतीवरून वाद झाला तर आधी ‘आयसी की एनसी?’ विचारा, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. आपले १०० म्हणजे तिथले १६०. निम्मी भांडणं त्यातच मिटतात.