ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? वजनाच्या या चुका टाळा

मे महिना जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घराबद्दल, हा प्रश्न हमखास निघतो. "आम्ही ट्रेलर बघून आलोय. ४,९०० पाउंडांचा आहे. आमची एसयूव्ही ७,५०० ओढते. चालेल ना?" काही वर्षांपूर्वी डॅलसमध्ये एका डीलरच्या आवारात उभं राहून मीही हेच विचारलं होतं. उत्तर आलं, "आरामात!" मी सही केली. नंतर कळलं की माझा प्रश्नच चुकीचा होता.

गाडी किती ओढते हे सगळे विचारतात. गाडी किती पेलते हे कोणी विचारत नाही. आणि आपल्यासारखी माणसं, म्हणजे दोन मुलं, भारतातून आलेले आई-बाबा, कुकर, तांदळाचा डबा असा सगळा लवाजमा घेऊन निघणारी माणसं, ओढण्याच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत. त्याच्या कितीतरी आधी पेलण्याची मर्यादा संपते.

पहिली चूक: ड्राय वेटवर हिशोब मांडणं

माहितीपत्रकात ठळक छापलेलं ड्राय वेट म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या डब्याचं वजन. त्यात पाणी नाही, बहुतेक वेळा बॅटरी नाही, आणि तुमची भांडी, गाद्या, खुर्च्या तर नाहीतच. पाण्याचं एक गॅलन साधारण ८.३ पाउंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड वाढले. प्रोपेनची भरलेली छोटी टाकी ३७ पाउंडांच्या आसपास जाते, आणि अशा दोन टाक्या ट्रेलरच्या अगदी नाकावर बसवलेल्या असतात.

आमचा ४,९०० चा ट्रेलर पहिल्या सहलीला काट्यावर ६,००० भरला. सामान भरताना आम्ही कंजूषी केली होती, तरी. म्हणून ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, पुढे डावीकडे लावलेल्या पट्टीवरचा जीव्हीडब्ल्यूआर बघा, म्हणजे ट्रेलरचं भरून होऊ शकणारं कमाल वजन. गणित त्या आकड्यावर मांडलं तर पुढे तोंडघशी पडायची वेळ येत नाही.

दुसरी चूक, आणि सगळ्यात महागडी: दारावरचं स्टिकर न वाचणं

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं एक छोटं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की प्रवासी आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर वजन जाता कामा नये. हाच तुमचा पेलोड. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. काचेचं मोठं छप्पर, मागची जादा सीट, भारी चाकं असं काही घेतलं की तो कमी होतो. शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे आणि तो हाच ट्रेलर ओढतो, या युक्तिवादाला म्हणूनच अर्थ नाही.

माझ्या स्टिकरवर होते १,३९० पाउंड. भरपूर वाटले. आता वजाबाकी करू.

ट्रेलरचं थोडं वजन नेहमी गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, टेकलेलं असतं. त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. माझ्या ६,००० चे १२ टक्के म्हणजे ७२०. वजन विभागणाऱ्या हिचचं (ते काय, पुढे सांगतो) लोखंड ९०. १,३९० मधून हे ८१० गेले की उरले ५८०. आम्ही चौघं मिळून ५०५. उरले ७५. डिकीत कूलर आणि खाण्याची पिशवी ५५. शिल्लक २० पाउंड, म्हणजे धड दहा किलोसुद्धा नाहीत.

आणि त्या उन्हाळ्यात आई-बाबा यायचे होते. दोघांचे मिळून २९०.

ट्रेलर ६,०००, गाडीची ओढायची क्षमता ७,५००. कागदावर १,५०० पाउंड मोकळे, आणि प्रत्यक्षात सासरचं-माहेरचं कोणी एक माणूस जास्त बसवायची सोय नाही! हे असं का होतं? तो ७,५०० चा आकडा ज्या एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे काढतात, त्यात गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पाउंडांचे, एवढेच धरलेले असतात. म्हणजे गाडीत जादा बसलेलं प्रत्येक माणूस ओढायच्या क्षमतेतूनही वजा होतं. गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण किती वजन चालेल याची वेगळी मर्यादा, जीसीडब्ल्यूआर, मॅन्युअलमध्ये असते. तीही बघून ठेवा.

तिसरी चूक: टंग वेट कमी करून हिशोब जुळवणं

ही युक्ती मलाही सुचली होती. हिचवर ७२० पडतात ना? मग सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरू, सायकली मागच्या बंपरवर टांगू, हिचवरचं वजन आपोआप उतरेल. उतरतं खरंच. पण ज्यांनी लहानपणी बैलगाडीत ऊस भरताना पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मागे मोळ्या जास्त झाल्या की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. बैल निदान दोन मैलांच्या वेगाने चालतात. इथे तुम्ही साठने चाललेले असता.

पुढचं टोक हलकं झालेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. ओक्लाहोमातल्या मोकळ्या माळावर एक अठरा चाकी ट्रक आम्हाला ओलांडून गेला, तेव्हा आधी त्याच्या हवेने आम्हाला बाहेर ढकललं, मग आत ओढलं, आणि आरशात ट्रेलरची डावी भिंत दिसली, मग उजवी, मग पुन्हा डावी. बायकोच्या हातातला चिवड्याचा डबा तसाच राहिला. चार-पाच सेकंदच असतील.

असं झालं तर पाय ब्रेककडे जातो, तिकडे जाऊ देऊ नका. गाडी अचानक थांबवली की मागून ट्रेलर तिला आणखी ढकलतो. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ’ करायलाही जाऊ नका. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, आणि ब्रेक कंट्रोलरवरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, ड्रायव्हरजवळच्या यंत्रावरची) पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही पट्टी कुठे आहे हे रिकाम्या पार्किंगमध्ये न बघता सापडेपर्यंत हात बसवून घ्या. नंतर बाजूला थांबून सामान पुढे सरकवा.

पाण्याच्या टाकीची जागाही बघा. ती चाकांच्या मागे असेल तर भरल्यावर टंग वेट घटतं, पुढे असेल तर वाढतं. मुक्कामावरून निघताना सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचा कंटाळा केला, की येतानाचा समतोल जाताना राहत नाही.

गाडी मागून बसली म्हणून एअरबॅग टाकणं

ट्रेलर जोडल्यावर गाडीची मागची बाजू दबते, नाक वर होतं. रात्री समोरून येणारे दिवे मारून शिव्या घालतात आणि स्टिअरिंग हलकं लागतं. मग कोणीतरी सुचवतं की मागच्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (अपघातात फुगणाऱ्या नव्हेत), टाकून घे. गाडी पुन्हा सपाट दिसते, पण पेलोड एका पाउंडानेही वाढत नाही. पुढच्या चाकांवरून उचललं गेलेलं वजनही परत येत नाही. ते परत आणतं वजन विभागणारं हिच. त्याच्या दोन दांड्या ताणल्या की मागच्या एक्सलवरचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो.

त्याबरोबर हिचचा रिसीव्हर, म्हणजे गाडीखालची चौकोनी खोबण, तीही वाकून एकदा वाचा. त्यावर सहसा दोन ओळी असतात, एक साध्या बॉलसाठी (ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो तो) आणि एक वजन विभागणाऱ्या हिचसाठी, आणि दोन्हींत बराच फरक असू शकतो. बॉलवरही त्याचा आकडा कोरलेला असतो. सगळ्यात लहान आकडा तुमचा.

काट्यावर न जाणं

आपल्याकडे उसाच्या काट्यावर कोणाचा विश्वास नसतो, पण इथला ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल बिनधास्त वापरा. पंधरा-वीस डॉलरच्या आत काम होतं, आणि लगेच दुसऱ्यांदा वजन केलं तर त्याचे थोडेच पैसे पडतात. तीन पट्ट्या असतात: पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाला सांगायचं आणि मग पावती घ्यायची.

आधी ट्रेलर जोडून, पण दांड्या न लावता वजन केलं. माझ्या पावतीवर आलं: पुढचा एक्सल २,७६०, मागचा ४,२२०, ट्रेलर ५,२८०. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून तीच माणसं आणि तेच सामान घेऊन फक्त गाडी: पुढे ३,०५०, मागे ३,२१०. म्हणजे एकटी गाडी ६,२६०, आणि जोडलेली ६,९८०. फरक ७२०, हेच टंग वेट. पुढच्या चाकांवरून तब्बल २९० पाउंड उचलले गेले होते, म्हणून ते हलकं स्टिअरिंग. दांड्या ताणल्यावर पुढचा एक्सल २,९६० पर्यंत परत आला. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ७,०००, म्हणजे घरी काढलेले २० पाउंड काट्यानेही तेवढेच दाखवले.

नुसत्या एकूण वजनाकडे बघून काट्यावरून उतरू नका. प्रत्येक एक्सलची मर्यादाही दाराच्या खांबावरच छापलेली असते.

सपाटीवरचा हिशोब डोंगरात नेणं

टेक्सासच्या सपाट रस्त्यांवर सगळंच जमतं. खरी परीक्षा कोलोरॅडोत, इंटरस्टेट ७० वर. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, टर्बो नसलेल्याची जास्तच. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये सांगतात की दर १,००० फुटांमागे एकूण वजनाची मर्यादा २ टक्क्यांनी कमी धरा. ११,००० फुटांवर हे वीस टक्क्यांच्या पुढे जातं. उतारावर तर ताकद किती यापेक्षा वजन किती याचाच प्रश्न असतो. वरूनच खालच्या गिअरमध्ये निघा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

जाता जाता एवढंच: कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. मागचे हॉर्न वाजवू देत.

तर त्या उन्हाळ्यात आमचं काय झालं? मोठा ट्रक घ्यायचे पैसे नव्हते आणि आई-बाबांना घरी ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. शेवटी बायकोने आपली छोटी गाडी काढली. आई-बाबा, कूलर आणि तांदळाचा डबा तिच्या गाडीत गेले, मुलं माझ्याबरोबर. ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी ठेवली आणि मुक्कामाच्या नळावर भरली. एसयूव्हीत दोनशेच्या वर पाउंड मोकळे झाले. पेट्रोलचा खर्च मात्र दोन गाड्यांचा झाला, आणि बाबा घाटभर मागून फोन करून सांगत राहिले, "ट्रेलर सरळ चाललाय बरं का."