आमवातात घरच्या घरी हालचाल कशी ठेवावी

आमवाताच्या माणसाला घरचे मायेने 'पडून राहा' म्हणतात, पण सांध्याला ही माया मानवत नाही. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते आणि ते वंगण हालचालीनेच खेळते. शिवाय पडून राहिल्याने मांडीचे स्नायू रोडावले, की गुडघ्यावरचा भार वाढतो.

सकाळी सांधे आखडलेले असताना घाई करू नये. बाजेवरच घोटे गोल फिरवावेत, मुठी हळूहळू मिटून उघडाव्यात आणि खरा व्यायाम कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावरच करावा. गुडघ्यासाठी पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबावी, श्वास न रोखता पाच अंक मोजावेत आणि पाय सैल सोडावा. असे दहा वेळा करावे.

चालण्यासाठी रस्ताच हवा असे नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ओसरीत किंवा उन्हे चढण्याआधी गच्चीवर दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे. आठवड्यातून पाच दिवस हे जमले, तर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली किमान 150 मिनिटे भरतात. मात्र चाल थोडी झपाट्याची हवी आणि सुरुवात पाच मिनिटांपासून केली तरी चालते.

किती करावे, हे सांधाच सांगतो. व्यायामानंतर वाढलेला ठणका दोन तासांनीही उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे, व्यायाम बंद करू नये. सांधा सुजून गरम झाला असेल, तर त्यावर भार टाकू नये; दुसऱ्या हाताच्या आधाराने तो दिवसातून एकदोनदा अलगद हलवावा. जुन्या आमवातात मानेचे मणकेही सैल होऊ शकतात, म्हणून मान दुखत असल्यास किंवा हातांना मुंग्या येत असल्यास शीर्षासन आणि मानेचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

'दिवसभर घरकाम करते, तोच व्यायाम' हे म्हणणे मला अर्धेच पटते. धुणे-भांड्यांत त्याच बोटांवर आणि मनगटांवर पुन्हा पुन्हा ताण येतो, मांड्यांना मात्र काहीच मिळत नाही. भरलेली कळशी बोटांत न लटकवता दोन्ही हातांनी अंगाशी धरावी, भाकरी थापताना परात ओट्यावर घ्यावी आणि चादर पिळण्याच्या भानगडीत न पडता ती निथळतीच दोरीवर टाकावी. इथल्या उन्हात ती तशीही लवकर वाळते.